सात वजाबाक्यांचा माणूस

चरित्रग्रंथ हातात आला की मी आधी चरित्रनायकाचं जन्मसाल शोधतो आणि ते कापरेकरांच्या चरकात घालतो. खोड जुनी आहे, घरच्यांनी तिची दखल घेणं केव्हाच सोडून दिलंय. कृती बहुतेकांना ठाऊक असेल. चार अंकी संख्या घ्यायची, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं मांडायचे, मग चढत्या क्रमानं मांडायचे, मोठीतून लहान वजा करायची. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच करायचं. आज ना उद्या ६१७४ येतं आणि एकदा आलं की हलत नाही, कारण ७६४१ मधून १४६७ गेले की पुन्हा ६१७४ च उरतात.

टिळकांचं साल १८५६. ८६५१ वजा १५६८ म्हणजे ७०८३. पुढे ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, झाले ६१७४. तीन वजाबाक्यांत काम फत्ते. रँग्लर परांजप्यांचं साल १८७६. ८७६१ वजा १६७८, आणि उत्तर पुन्हा ७०८३! वृत्तीनं दोन टोकांची ही माणसं पहिल्याच वजाबाकीत एका जागी येतात. यात चमत्कार नाही. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान अंकातल्या फरकाला ९९९ नं गुणायचं, मधल्या दोन अंकांतल्या फरकाला ९० नं, आणि बेरीज करायची. वजाबाकीचं उत्तर तेवढंच असतं. दोन्ही सालांत बाहेरचा फरक सात, आतला एक. ६९९३ अधिक ९०. नववीतल्या पोराला हे कागदावर सिद्ध करता येतं आणि तिसरीतल्या पोराला ते खरं आहे एवढं पाहण्यातच मजा असते. गोखल्यांचं १८६६ चार वजाबाक्या घेतं. अण्णासाहेब कर्व्यांचं १८५८ सहा.

हे चौघे मी मुद्दाम निवडले. चौघेही रत्नागिरी जिल्ह्याचे: टिळकांचा जन्म रत्नागिरी शहरातला, गोखल्यांचा गुहागरजवळच्या कोतळूकचा, कर्वे मुरूडचे, परांजपे दापोलीजवळच्या मुर्डीचे. पुढे ज्या गोष्टींसाठी ते ओळखले गेले त्या वेगवेगळ्या, पण चौघांनीही पुण्यात गणिताचे तास घेतले आहेत. टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले आणि १८९१ मध्ये गोखल्यांनी कर्व्यांना फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायला बोलावलं. पुढे त्याच कॉलेजात केंब्रिजहून परतलेले परांजपे आले, जे कर्व्यांचे नातलग आणि त्यांच्याच आधारानं शिकलेले. स्वतः गोखल्यांनी ना. जे. बापट यांच्याबरोबर लिहिलेलं अंकगणिताचं पुस्तक शाळांतून वर्षानुवर्षं चाललं. समाजसुधारणेच्या इतिहासात या मंडळींची भांडणं सविस्तर येतात. फळ्यावर खडूनं उदाहरण मांडणारी हीच मंडळी मात्र त्या इतिहासात फारशी दिसत नाहीत.

टिळकांच्या लहानपणची एक गोष्ट चरित्रकार सांगतात. वडील गंगाधरपंत शिक्षक होते, त्रिकोणमितीवर पुस्तक लिहिलेले. बाळनं बाणभट्टाची कादंबरी वाचायला मागितली, तेव्हा त्यांनी आधी एक अवघड उदाहरण सोडवायला दिलं. बाळ दोन दिवस त्याच्याशी झुंजला आणि उत्तर काढून पुस्तक घेऊन गेला. गोष्ट टिळकांची चिकाटी दाखवायला सांगितली जाते. मला तिच्यात वेगळंच खटकतं: उदाहरण हा जकातनाका, आणि मजा नाक्याच्या पलीकडे. पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी, औटकी पाठ करून घेणाऱ्या आपल्या शिक्षणात ही समजूत मुरलेलीच होती. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. आणे-पै आणि शेर-पायलीच्या जमान्यात तो व्यवहाराला लागायचा, म्हणून घोकला जायचा. कोडं मात्र सुट्टीतलं, जेवणं झाल्यावरचं.

याला छेद देणारं एक घर मराठीच होतं, पण बनारसला. जयंत नारळीकरांनी आत्मचरित्रात मोरूमामांची, म्हणजे मोरेश्वर हुजूरबाजारांची, आठवण लिहिली आहे. घरातल्या फळ्यावर मामा एक आव्हानाचं कोडं लिहून ठेवायचे, भाच्याच्या नावानिशी. सुटेपर्यंत ते पुसलं जात नसे. बक्षीस नाही, शिक्षा नाही, पलीकडे कादंबरीही नाही. कोडं येता-जाता समोर दिसायचं, बस्स.

परांजप्यांकडे परत येतो, कारण ६१७४ च्या शोधाचा धागा त्यांच्यापासून पुढे जातो. १८९९ मध्ये ते केंब्रिजच्या ट्रायपॉसमध्ये बर्टविसल यांच्याबरोबरीनं पहिले आले. सीनियर रँग्लर होणारे पहिले भारतीय. महाराष्ट्रानं ते बिरूद त्यांच्या नावाला कायमचं चिकटवलं. ती परीक्षा कसली होती? ठरावीक वेळात भराभर सोडवायच्या चलाख उदाहरणांची, म्हणजे वेगात सोडवायच्या कोड्यांची. जी. एच. हार्डींसारख्या गणितींनी त्या पद्धतीवर सडकून टीका केली आणि १९०९ नंतर क्रमवारी जाहीर करणं बंदच झालं. साहेबाच्या देशात कोडी सोडवली की तो पराक्रम, आपल्याकडचा मास्तर कोडी घालू लागला की तो रिकामटेकडा, असा काहीसा हिशेब पुढच्या पन्नास वर्षांत दिसतो. तो मला आजही चीड आणतो.

कारण फर्ग्युसनमध्ये परांजप्यांच्या नावानं गणितातल्या स्वतंत्र कामासाठी पारितोषिक होतं आणि १९२७ साली ते दत्तात्रय रामचंद्र कापरेकर या विद्यार्थ्याला मिळालं. जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणूचा. आई आठव्या वर्षी गेली. वडील कारकून, पण ज्योतिषाचे नादी. पत्रिका मांडायची तर आकडेमोड आलीच. मुलाला ग्रहांपेक्षा आकडेच आवडले. शाळा ठाण्याला. १९२९ साली बी. एस्सी. झाले, पुढची पदवी नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर.

या बत्तीस वर्षांत त्यांनी जे केलं त्याला अनेक भारतीय गणितज्ञ क्षुल्लक समजत. डोंबिवली स्टेशनात सुचलेल्या संख्यांना त्यांनी ‘डेम्लो संख्या’ म्हटलं. आपल्याच अंकांच्या बेरजेनं भागल्या जाणाऱ्या संख्यांना ‘हर्षद’ म्हटलं. १२ ही तशी, १८ ही तशी, रामानुजनची १७२९ सुद्धा तशीच, कारण तिच्या अंकांची बेरीज १९ आणि १९ गुणिले ९१ म्हणजे १७२९. पुस्तिका पदरच्या पैशानं छापल्या. परिषदांना पदरचं भाडं खर्चून गेले. दारुड्याला जशी ती अवस्था सुटू नये असं वाटतं तसंच आपलं आकड्यांच्या बाबतीत आहे, अशा अर्थाचं ते स्वतः सांगत. निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना, तेव्हा शिकवण्या घेतल्या.

आता ६१७४. हा शोध त्यांनी १९४९ च्या मद्रासमधल्या परिषदेत मांडला. त्याच वर्षी न्यूयॉर्कहून निघणाऱ्या ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’त त्यांचं दोन पानी टिपण आलं. त्याचं शीर्षक माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत बोलका पुरावा आहे: ‘अनदर सॉलिटेअर गेम’. एकट्यानं खेळायचा आणखी एक खेळ. प्रमेय नाही, सिद्धान्त नाही. पत्त्यांचा पेशन्स लावावा तसा आकड्यांचा डाव, सोबतीला कुणी नसलं तरी चालणारा. ‘६१७४ या संख्येचा गमतीदार गुणधर्म’ अशा अर्थाच्या मथळ्याचा लेख १९५५ साली आला. टीकाकार ज्याला खेळ म्हणून हिणवत होते त्याला बापानंच खेळ हे नाव ठेवलं होतं. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’च्या सदरात त्यांच्यावर लिहिलं आणि देवळालीचं नाव जगभर गेलं. गार्डनर यांची पदवी तत्त्वज्ञानातली. गणिताच्या पंडितांनी नाही, कोड्यांच्या माणसानं कोड्यांच्या माणसाला ओळखलं.

आणि त्यांचं स्वतःचं साल? १९०५ मांडा. ९५१० वजा ०१५९, ९३५१. मग ८१७२. मग ७४४३. मग ३९९६. मग ६२६४. मग ४१७६. मग ६१७४. सात वजाबाक्या. या खेळात कुठल्याही संख्येला सातापेक्षा जास्त लागतच नाहीत. मी हे पहिल्यांदा मांडलं त्या दिवशी उगाचच खूश होतो. योगायोगाला अर्थ चिकटवू नये हे कळत असूनही.

लहान मुलांसाठी चार अंक जड जातात. दोन अंकांचा डाव घ्यावा, आणि तिथेच २०१९ च्या त्या गाजलेल्या वादात शिरता येतं. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘सत्तावीस’च्या जोडीला ‘वीस सात’ असं वाचन आलं आणि महाराष्ट्र पेटला. भाषा बुडाली म्हणणारे एका बाजूला. विधिमंडळात मुख्यमंत्र्यांच्या आडनावावर विनोदही होऊन गेले. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर शांतपणे सांगत राहिल्या की आपण एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो, म्हणून सत्तावीस ऐकून मूल ७२ लिहितं, आणि जुनं वाचन काही काढून टाकलेलं नाही. त्यांचं म्हणणं मला पटतं. तरीही ‘सत्तावीस’ मला हवाच आहे, कारण त्यानं होणारी चूक वाया घालवण्यासारखी नाही.

७२ मधून २७ वजा करा: ४५. ५४ मधून ४५ गेले, ९. त्याला ०९ समजा, उलटं ९०, फरक ८१. ८१ वजा १८, ६३. ६३ वजा ३६, पुन्हा २७. दोन वेगळे अंक असलेली कुठलीही संख्या घ्या, ती याच फेऱ्यात येऊन अडकते. दुसरीतलं मूल ज्या उलटापालटीबद्दल बोलणी खातं, तीच कापरेकरांची कृती! अंकांची अदलाबदल झाली की फरक नेहमी नऊच्या पटीत पडतो, हे जुन्या हिशेबनिसांना पक्कं ठाऊक होतं. रोजकीर्द आणि खतावणी जुळेना आणि फरकाला नऊनं पूर्ण भाग गेला, की कुठेतरी ६३ चे ३६ झालेत का हे आधी तपासायचं.

मुलांपुढे ठेवायचा कापरेकरांचा माझा आवडता खेळ मात्र जनकांचा आहे. संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. २१ मध्ये तीन मिळवले की २४, म्हणजे २१ ही २४ ची जनक. २४ मध्ये सहा मिळवले, ३०. मग ३३, मग ३९. काही संख्यांना मात्र जनकच नसतो. १४ मधून १९ निघते, १५ मधून २१. मधली २० पोरकी. कापरेकरांनी यांना स्वयंभू अशा अर्थाचं इंग्रजी नाव दिलं. देवळाली संख्या असंही म्हणतात. १, ३, ५, ७, ९ आणि मग २०. पुढे ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७, १०८. इथपर्यंत आलं की वर्गातलं प्रत्येक पोर ओरडतं: अकरा-अकरानं वाढतायत! पुढची ११९!

मग त्यांना १०९ घ्यायला सांगायचं. अंकांची बेरीज दहा. १०९ अधिक १० म्हणजे ११९. तिला जनक आहे, ती बाद. थोडा गोंधळ होतो, मग कुणीतरी मागे वळून मधल्या संख्या तपासू लागतं: १०४ मधून १०९ निघते, १०५ मधून १११, आणि ११० कुणातूनच निघत नाही.