बाबांच्या फियाटची किंमत किती?

"टोटल लॉस!" सर्व्हेयरने चष्मा कपाळावर चढवत जाहीर केलं आणि मी आधी हसलेच. कारण आमची फियाट समोर उभी होती. रात्रीच्या पावसात गुलमोहराची फांदी पडून टपाचा पत्रा आत गेला होता, पुढची काच फुटली होती, बॉनेटला भलामोठा पोचा आला होता. पण सकाळी चोक ओढून सेल्फ मारला तर तिसऱ्या झटक्यात ती चालू झाली होती!

"मॅडम, गाडी चालू असणं वेगळं आणि टोटल लॉस वेगळं," सर्व्हेयर म्हणाले. मग त्यांनी जे गणित मांडलं, ते जुनी गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकाने ऐकायला हवं असं आहे. पॉलिसीवर आमच्या गाडीची किंमत, म्हणजे आयडीव्ही, होती ३० हजार रुपये. गॅरेजवाल्याचं एस्टिमेट आलं ४२ हजार. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की कंपनीच्या लेखी गाडी संपली. आमच्या बाबतीत ती रेघ होती साडेबावीस हजारांवर. पर्याय दोन. हजार रुपये कापून २९ हजार घ्या, आरसी रद्द करा आणि गाडी कंपनीला द्या. किंवा गाडी ठेवून घ्या, मग भंगाराची किंमतही वजा होईल.

बाबा काहीच बोलले नाहीत. खाली गेले आणि फियाटमध्ये जाऊन बसले. वर आल्यावर एवढंच म्हणाले, "तीस हजारांत अशी गाडी तू घेऊन दाखव."

आम्ही क्लेम मागे घेतला आणि खिशातून पैसे भरले. वर्षानुवर्षं न चुकता प्रीमियम भरून!

तेच कंटिन्यू करू ना?

गाडी १९८३ची. कागदोपत्री प्रीमियर पद्मिनी, पण आमच्या घरात तिला या नावाने कुणी हाक मारलेली नाही. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गियर, पुढे सलग सीट आणि एमएच-१२ यायच्या आधीची तीन अक्षरी नंबरप्लेट. कुर्ल्याच्या कारखान्यातून या गाड्या बाहेर पडत होत्या तेव्हा बुकिंग करून लोक वर्षानुवर्षं वाट बघायचे. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३च्या ऑक्टोबरात नोंदवली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपली आणि २०२३च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून उतरली. त्यानंतर तर सिग्नलला थांबलं की शेजारचे मोबाइल काढून फोटोच काढायला लागले.

चूक कुणाची? खरं सांगायचं तर आमचीच. दरवर्षी आमच्या एजंटकाकांचा फोन यायचा, "तेच कंटिन्यू करू ना?" बाबा विचारायचे, "प्रीमियम वाढला नाही ना?" नाही म्हटलं की चेक तयार. प्रीमियम वाढत नव्हता, कारण आयडीव्ही दरवर्षी गुपचूप खाली सरकत होती. नवी गाडी असेल तर आयडीव्हीचं कोष्टक ठरलेलं असतं. सहा महिन्यांत ५ टक्के घट, वर्षापर्यंत १५, असं करत पाचव्या वर्षी ५० टक्के. पण पाच वर्षांवरच्या आणि बंद झालेल्या मॉडेलना हे कोष्टक लागूच होत नाही! तिथे आयडीव्ही कंपनी आणि मालक यांनी आपसात ठरवायची असते. म्हणजे बोलायची मुभा होती. आम्ही तोंड उघडलं नाही.

आणि एकदा आकडा ठरून पॉलिसीवर छापला गेला, की त्या वर्षापुरती तीच गाडीची बाजारकिंमत मानली जाते. चोरी किंवा टोटल लॉस झाला तर "आता जुनी झाली" म्हणून त्यात आणखी घसारा लावत नाहीत. क्लासिक कारवाल्यांसाठी परदेशात 'अॅग्रीड व्हॅल्यू'च्या खास पॉलिसी असतात, त्याचा आपल्याकडचा जवळचा भाऊ म्हणजे हा नीट ठरवून घेतलेला आयडीव्ही.

पंधरा रुपये रोज

पुढच्या रिन्यूअलला मी कामाला लागले. आधी अर्थातच ऑनलाइन! मी उघडलेल्या दोन साइट्सवर वर्षांच्या यादीत १९८३ नव्हतंच. तिसरीवर होतं, पण आयडीव्हीचा आकडा हलेना. शेवटी ऑफिसमधून हाफ डे घेऊन एका कंपनीच्या ब्रँचमध्ये जाऊन बसले. तिथल्या अधिकारीबाईंनी सरळ सांगितलं, "तुम्ही म्हणता म्हणून मी आकडा लिहू शकत नाही. कागद आणा."

मग कागद जमवले. लायसन्सधारक सर्व्हेयरकडून व्हॅल्युएशन रिपोर्ट घेतला. चारी बाजूंनी, आतून, इंजिनचे, चासी नंबरचे फोटो काढले. डेंटिंग-पेंटिंगची, इंजिन खोलल्याची सगळी बिलं लावली. (बाबांनी १९९०च्या दशकातलीसुद्धा जपून ठेवली होती, आई ज्यांना इतकी वर्षं रद्दी म्हणत आली ती!) तशाच पद्मिनी बाजारात कितीला जातात याच्या चार जाहिराती जोडल्या. रिपोर्टमध्ये आकडा आला १ लाख ८० हजार. कंपनीने तो मान्य केला आणि मी तो पॉलिसीच्या पहिल्या पानावर छापून आलेला बघितल्याशिवाय खुर्चीवरून उठले नाही.

आता प्रीमियम. थर्ड पार्टी तर कायद्याने घ्यावाच लागतो. १ जून २०२२पासून लागू झालेल्या दरपत्रकात १००० ते १५०० सीसीच्या खासगी कारला तो वर्षाला ३४१६ रुपये होता. त्यात गाडीच्या किमतीचा संबंध नाही. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग वेगळा. जुन्या टॅरिफच्या हिशेबाने पुण्या-मुंबईत दहा वर्षांवरच्या अशा गाडीला आयडीव्हीच्या साधारण साडेतीन टक्के. म्हणजे तीस हजारांवर हजारभर रुपये आणि एक लाख ऐंशी हजारांवर सहा हजार तीनशेच्या आसपास. फरक पाच हजार तीनशे, तोही डिस्काउंट आणि जीएसटी धरण्याआधीचा. दिवसाला पंधरा रुपये. कटिंग चहासुद्धा आता याच भावात जातो!

आकडा मोठा केला म्हणजे सगळं भरून मिळतं, असं मात्र नाही. झीरो डेप्रिसिएशनचं कव्हर इतक्या जुन्या गाडीला देत नाहीत. त्यामुळे दहा वर्षांवरच्या गाडीच्या धातूच्या पार्टवर ५० टक्के कापतात, रबर, प्लॅस्टिक, टायर, बॅटरीवर ५० टक्के. काचेवर काहीच कापत नाहीत आणि मजुरीवरही नाही. जुन्या गाडीत हे बरंच आपल्या बाजूने पडतं, कारण आमच्या डेंटरचं बिल मुळात हाताच्या कामाचंच असतं. नवा पार्ट मिळतो कुठे? नाना पेठ पालथी घालायची, नाहीतर कुर्ल्याला नाही तर चोर बाजारात जायचं. थोडक्यात काय, त्या ४२ हजारांतले सगळे मिळाले नसतेच. पण आरसी रद्द करायचा विषय निघाला नसता.

पावसाळा, वरात आणि रॅली

बाकीच्या भानगडी पॉलिसीच्या बारीक टायपातल्या. आरसीची मुदत बघा. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागतं आणि ते राहिलं असेल तर विमा असून नसल्यासारखा. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने चोरीला गेलेल्या एका कारचा क्लेम नाकारणं योग्य ठरवलं, कारण तिची तात्पुरती नोंदणी संपलेली होती. ती तर नवी गाडी होती! इंजिन बदललं असेल, रंग बदलला असेल, गॅस किट बसवलं असेल तर आरसीवरही हवं आणि पॉलिसीवरही. कित्येक फियाटमध्ये कधीकाळी डिझेल इंजिन बसवलेलं असतं, त्या मालकांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

पूर गाडीच्या पॅकेज पॉलिसीत येतो. पण पाण्यात उभ्या गाडीला सेल्फ मारून इंजिनात पाणी खेचलंत तर त्या नुकसानीवर कंपनी बोट ठेवते. अशा वेळी किल्लीला हात लावू नका, टोइंगवाल्याला बोलवा. गाडी वर्षभर कव्हरखालीच उभी असेल तर थर्ड पार्टीबरोबर फक्त आग आणि चोरीचं मधलं कव्हर मिळतं का, तेही विचारून बघा. माझ्या मते गुलमोहराखाली पार्किंग असणाऱ्यांनी ते घेऊ नये.

लग्नाच्या वरातीला किंवा शूटिंगला पैसे घेऊन गाडी दिली तर तो भाड्याचा वापर झाला. खासगी पॉलिसीत तो बसत नाही. संथ मिरवणुकीसारख्या रॅलीची गोष्ट वेगळी, पण वेळेवर मोजल्या जाणाऱ्या स्पर्धेला जायचं असेल तर आधी वेगळं एंडॉर्समेंट घ्या.

'व्हिंटेज' म्हणून नोंदवली की स्वस्त पडेल ना, असं मला तीन जणांनी विचारलं. २०२१च्या नियमांप्रमाणे त्यासाठी पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली हवीत आणि गाडी मूळ रूपात हवी. फी २० हजार, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं, नोंदणी दहा वर्षांची. २०२२च्या दरपत्रकात अशा कारना थर्ड पार्टी प्रीमियम निम्मा केला होता. पण मग गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल अशा कारणांसाठीच बाहेर काढायची, रोजच्या वापराला नाही. आमची २०३३मध्ये पात्र होईल. बाबांनी हे ऐकून विचारलं, "म्हणजे मंडईत न्यायची नाही?" विषय तिथेच संपला.

यंदा एजंटकाकांचा फोन मी घेतला. "अगं, तेच कंटिन्यू करू ना?" म्हणाले. मी म्हटलं, "काका, आयडीव्ही वाचून दाखवा." त्यांनी वाचला. दीड लाख! पुन्हा रिपोर्ट, पुन्हा फोटो, पुन्हा हाफ डे. चारच दिवसांत एक लाख ऐंशी हजार परत छापून आले.

डिसेंबरात मावसभावाचं लग्न आहे. त्याला वरातीला फियाटच हवी आहे, झेंडूच्या माळा लावून. देते म्हटलंय. पैसे घेणार नाही, पेट्रोलसुद्धा मीच भरणार. उगाच कुणी त्याला भाडं म्हणायला नको!