माती तपासणारा अदृश्य प्रकाश

मातीतला सेंद्रिय कर्ब मोजण्याची प्रयोगशाळेतली रूढ रीत १९३४ सालची आहे. वॉकली आणि ब्लॅक या दोघांच्या नावाने ती ओळखली जाते. मातीवर पोटॅशियम डायक्रोमेट आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल घालायचे आणि किती डायक्रोमेट खर्ची पडले त्यावरून कर्बाचा अंदाज घ्यायचा. रीत खात्रीची आहे. पण दर नमुन्याला वेळ जातो आणि शेवटी क्रोमियमयुक्त सांडपाणी उरते. अवरक्त वर्णपटमिती हाच अंदाज मिनिटभरात देते, तोही रसायनाचा थेंब न वापरता.

अवरक्त किरण सापडले १८०० साली. विल्यम हर्शेल यांनी लोलकातून आलेल्या रंगपट्ट्यात तापमापके ठेवली, तेव्हा तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हते, तिथेही पारा चढला. या किरणांचे रेणूंशी खास नाते आहे. रेणूंमधले बंध सतत कंप पावत असतात. झोक्याला त्याच्याच लयीत धक्का मिळाला की तो उंच जातो, तसा प्रत्येक बंध आपल्या लयीशी जुळणारे किरण शोषतो. पाण्याचे शोषण १४०० आणि १९०० नॅनोमीटरच्या आसपास ठळक दिसते, तर चिकणमातीतल्या खनिजांचे २२०० च्या जवळ. मातीवरून परतलेल्या प्रकाशात कोणत्या तरंगलांबीला किती घट आली, याचा आलेख म्हणजे तिचा वर्णपट.

हे तंत्र शेतीत आणले अमेरिकी कृषी खात्याच्या कार्ल नॉरिस यांनी. १९६० च्या दशकात त्यांनी या किरणांनी धान्यातला ओलावा आणि प्रथिने मोजून दाखवली. १९७५ मध्ये कॅनडाच्या धान्य आयोगाने गव्हाची प्रथिने मोजायला ही पद्धत स्वीकारली.

मात्र यंत्र स्वतःहून कर्बाचा आकडा सांगत नाही. आधी शेकडो नमुने रासायनिक रीतीने तपासायचे, त्यांचेच वर्णपट घ्यायचे आणि दोन्हींची गणिती सांगड घालायची. मग नव्या नमुन्याचा अंदाज बांधता येतो. आफ्रिकेतल्या हजाराहून अधिक माती-नमुन्यांवर शेफर्ड आणि वॉल्श या संशोधकांनी असा वर्णपट-संग्रह उभारला आणि २००२ मध्ये तो प्रसिद्ध केला. सेंद्रिय कर्ब आणि चिकणमातीचे प्रमाण अशा रीतीने चांगले कळते. पिकाला उपलब्ध असलेल्या स्फुरद-पालाशाचा अंदाज मात्र बेभरवशाचा ठरतो, कारण त्यांची स्वतःची ठळक खूण वर्णपटात उमटत नाही. तिथे रासायनिक तपासणीला पर्याय नाही.

परमुलुखातले गणित आपल्या मातीला जसेच्या तसे लागू पडत नाही. विदर्भ-मराठवाड्याची काळी माती फुगणाऱ्या चिकणमातीची, तर कोकणातली जांभ्याची माती लोहाच्या ऑक्साइडांनी भरलेली. दोन्हींचे वर्णपट वेगळे, म्हणून त्यांचे संदर्भ-नमुनेही इथलेच हवेत. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठांनी हे काम मिळून करावे. प्रयोगशाळेत तपासलेला मातीचा नमुना टाकून देण्याआधी त्याचा वर्णपट नोंदवावा आणि तो सर्वांना खुला ठेवावा. रासायनिक तपासणीचा खर्च तर होतोच आहे; या एका नोंदीमुळे तो पुढच्या हजारो शेतकऱ्यांच्याही कामी येईल.