पडद्यावरचा मार्ग कितपत खरा?

मोटारशर्यतीच्या व्हिडिओ गेममधील मार्ग खराखुरा असतो काय, असे आमच्या विद्यार्थ्यांनी आम्हांस विचारले. इतिहासाच्या अभ्यासकाला हा प्रश्न परका नाही; साधन कसे तयार झाले, हेच आम्ही प्रथम पाहतो.

जर्मनीतील न्यूर्बुर्गरिंगचा जुना मार्ग १९२७ साली खुला झाला. लांबी सुमारे २०.८ किलोमीटर, सर्वांत उंच व सखल स्थळांत सुमारे ३०० मीटरांचे अंतर. नकाशे आणि छायाचित्रे यांवरून असा मार्ग रेखाटला, तर वळणे जुळतात; चढउतार मात्र निसटतात. लेसर-मोजणीने ही उणीव बरीच भरून काढली. यंत्रातून निघालेला किरण रस्त्यावर आदळून परततो, त्यावरून अंतर कळते. अशा असंख्य बिंदूंतून डांबरावरचा लहानसा उंचवटाही टिपला जातो. ‘आयरेसिंग’ने २०१५ साली हा मार्ग याच पद्धतीने उभा केला. तथापि ही नोंद मोजणीच्या दिवसापुरतीच. नवे डांबर पडले की ती जुनी होते. शिवाय चाकांची पकड मोजलेली नसते, ती गणिताने अनुमानिलेली असते.

आम्हांस अधिक मोलाचा वाटतो तो १९९८ चा ‘ग्रँड प्रिक्स लेजेंड्स’. त्यात १९६७ च्या हंगामातील बेल्जियमचा स्पा मार्ग आहे, सुमारे १४ किलोमीटरांचा. आजचा मार्ग त्याच्या निम्मा. लेसरइतकी अचूकता तेथे नाही. परंतु मास्ता येथे घरांच्या मधून गाड्या ज्या वळणाने भरधाव जात, ते आजच्या शर्यतीत नाही. त्या खेळात आहे.