फोटोवाल्याला काय हवे असते?

कापडाच्या धंद्यात आमची तीस वर्षे गेली. ठाणाचे कापड अंगठ्याने चोळून पोत सांगणे ही आमची विद्या. आता बाहेरगावचे गिऱ्हाईक मोबाईलवर फोटो पाहून माल मागते. म्हणून आम्ही एका फोटोवाल्याला दुकानी बोलावले. वीस साड्यांचे काम, मजुरी ठरलेली. त्याने एका जरीच्या पदरालाच अर्धा तास लावला. आम्ही घाई केली, तर म्हणाला, ‘‘शेठ, जर आहे तशी दिसली नाही तर माल परत येईल.’’ वेळ गेला म्हणून त्याला पैसे जास्त मिळणार नव्हते. मग हा खटाटोप कशासाठी?

याचा जवाब लाला दीनदयाळ यांच्या हकिकतीत आहे. 1844 साली मेरठजवळच्या सरधना येथे त्यांचा जन्म झाला. रुडकीच्या थॉमसन कॉलेजात शिकून ते इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात नकाशे काढू लागले. तेथे कॅमेऱ्याचा शौक लागला आणि पुढे पक्की नोकरी सोडून त्यांनी शौकालाच रोजी केले. हैदराबादचे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी त्यांना दरबारी फोटोग्राफर नेमले आणि ‘मुसव्विर जंग’ हा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्र काढणारा. परद्यातल्या बेगमा पुरुषापुढे बसत नाहीत, हे ओळखून 1892 साली त्यांनी हैदराबादेत जनाना स्टुडिओ काढला. त्याचा कारभार एका इंग्रज बाईकडे होता. 1896 साली मुंबईत शाखा उघडली. 1905 साली ते वारले. त्यांच्या अडीच हजारांहून अधिक काचेच्या निगेटिव्ह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जपून आहेत.

म्हणजे पोट आहे, शौक आहे, गिऱ्हाइकाची नड ओळखणे आहे. पण आणखी एक गोष्ट आहे. आमच्या अब्बांना फोटो पसंत नव्हता. घरात त्यांचा एकच फोटो आहे, तोही हजच्या कागदांसाठी काढलेला. त्या स्टुडिओवाल्याने त्यांची टोपी सरळ केली होती, दिवा दोनदा हलवला होता. कागदासाठी तेवढ्याची गरज नव्हती. आज नातवंडांना आजोबा दाखवायचे तर तोच फोटो. काढणाऱ्याला हे ठाऊक असावे की आपले काम आपल्यामागे राहणार आहे.

आम्ही त्या पोराला मग घाई केली नाही. ठरलेली मजुरी त्याच संध्याकाळी हातावर ठेवली. व्यापारी बंधूंनो, विणकर असो वा फोटोवाला, कारीगराशी भावात घासाघीस जरूर करा; त्याचा तो अर्धा तास मात्र कापू नका. माल त्यातच आहे.