आधी शेगडी, मग बाटली

(पिल्लांचा पहिला आठवडा : लेखांक ३)

शिरूर आणि दौंड तालुक्यांत कराराने ब्रॉयलर सांभाळणाऱ्या बऱ्याच शेडमध्ये पिल्लं उतरली की पुढचा क्रम ठरलेला असतो. आधी गुळाचं पाणी, मग तीन ते पाच दिवस पाण्यातून अँटिबायोटिक. एखादं पिल्लू पंख टाकून बसलं, एखाद्याच्या शेपटीखाली विष्ठा चिकटली, एखाद्याचे पाय फाकले, की ‘रोग आला’ म्हणून तोच डोस वाढतो. माझं म्हणणं असं की पहिल्या आठवड्यातल्या या किरकोळ तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा उबेत, पाण्यात नाहीतर पायाखालच्या तुसात असतं आणि ते तिथेच दुरुस्त होतं.

याचा पुरावा पिल्लाच्या पोटातच आहे. अंडं फोडण्याआधी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेतं. दोन-तीन दिवसांची ही शिदोरी असते आणि आईकडून आलेली प्रतिकारशक्तीही त्यातच असते. पण हा बलक जिरायला ऊब लागते, आणि पहिले दहा-बारा दिवस पिल्लाला स्वतःचं तापमान नीट राखता येत नाही. ते गारठलं की बलक जिरायचा मंदावतो आणि ओल्या नाभीतून शिरलेल्या ई. कोलायसारख्या जिवाणूंना आयतं खाद्य मिळतं. चौथ्या-पाचव्या दिवशी मेलेलं पिल्लू उघडलं तर पोटात हिरवट-पिवळा, घाण वास मारणारा बलक तसाच सापडतो. पहिल्या आठवड्यात ब्रूडरखाली ९५ अंश फॅरनहाइट आणि पुढे दर आठवड्याला ५ अंश कमी, हा हिशेब सगळ्यांना पाठ आहे. पण थर्मामीटर टांगलेला असतो माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर आणि पिल्लाचं पोट टेकतं तुसाला. हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेतले, इथली जानेवारीतली पहाट बोचरी. आदल्या दिवसापासून शेड तापवलेलं नसेल तर हवा गरम आणि गादी थंडगार, असं होतं. पिल्लाचे पाय स्वतःच्या गालाला लावून पाहावेत. ते गार लागले तर बाटली बाजूला ठेवून शेगडीकडे वळावं.

पिल्लंच हॅचरीतून कमजोर येतात, त्याला शेतकरी काय करणार, हा आक्षेप खोटा नाही. नाभी नीट न मिटलेली पिल्लं हॅचरीतूनच येतात. ती उतरवतानाच मोजावीत आणि सुपरवायझरसमोर लिहून घ्यावीत. मात्र पुण्याहून शिरूर किंवा दौंड काही फार लांब नाही, म्हणून प्रवासावर खापर फोडण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. एकाच खोक्यातली पिल्लं एकाच वेळी फुटलेली नसतात. त्यांच्या वयात एका दिवसाचंही अंतर असू शकतं. आधी फुटलेलं पिल्लू तितका वेळ तहानलेलं असतं. त्याला लागतं ते कोमट स्वच्छ पाणी, आणि तेही लगेच. गुळाचं पाणी पहिले काही तास ठीक. दिवसभर ठेवलं तर ड्रिंकर चिकट होतात आणि जिवाणूंचंच फावतं.

दुसरा आक्षेप अनुभवाचा : अँटिबायोटिकने मर कमी होते. संसर्ग असेल तिथे होतेही. पण मरगळलेलं पिल्लू पाणीच पीत नाही, त्यामुळे पाण्यातलं औषध मुख्यतः धडधाकट पिल्लांच्या पोटात जातं, हा साधा हिशेब कुणी मांडत नाही. त्यातलं कोलिस्टिन तर २०१९च्या जुलैपासून केंद्र सरकारने अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या सगळ्या पशुपक्ष्यांसाठी बंद केलं आहे, कारण माणसांच्या अतिदक्षता विभागात ते शेवटच्या काही औषधांपैकी एक आहे.

हजारो पिल्लांत एकेकाकडे कोण बघणार? उपचारासाठी नसेल, पण इशारा म्हणून बघायलाच हवं. कोपऱ्यात पत्र्याचं छोटं कडं करून अशी पिल्लं वेगळी काढायला फार वेळ लागत नाही. खडकीच्या शासकीय अंडी उबवणी केंद्रातून वीस-पंचवीस पिल्लं आणून परसात वाढवणाऱ्या बायकांना तर प्रत्येक पिल्लू मोलाचं. शेपटीखाली चिकटलेली विष्ठा कोमट पाण्याच्या कापसाने भिजवून मऊ करावी, ओढू नये. त्याच्या जरा पुढे, पोटाकडे, वाळलेल्या नाभीचं टोक असतं. विष्ठा समजून ते उपटलं की जखम होते आणि हकनाक पिल्लू जातं. पाय फाकण्यामागे पुष्कळदा गुळगुळीत वर्तमानपत्र असतं. ते काढून खरखरीत पुठ्ठा अंथरावा आणि दोन्ही पाय नेहमीच्या अंतरावर राहतील अशी मऊ पट्टी तीन-चार दिवस सैलसर बांधावी. हे पहिल्या दोन-तीन दिवसांतच साधतं.

एका दिवसात मर दुपटीवर गेली, श्वासाला घरघर लागली किंवा माना वाकड्या झाल्या, तर मात्र वरचं काहीच लागू नाही. तेव्हा पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा, आणि मेलेली पिल्लं कालव्यात किंवा उकिरड्यावर न टाकता चुना घालून खोल पुरा.