कला शाखेतील मानसशास्त्र : विषयाचे स्वरूप आणि पदवीच्या मर्यादा

कला शाखेत मानसशास्त्र हा विषय निवडणारा विद्यार्थी बहुधा दोन अपेक्षा मनात धरून येतो. माणसांची मने ओळखता यावीत, ही पहिली. आणि दुःखी माणसाच्या उपयोगी पडता यावे, ही दुसरी. प्रत्यक्षात वर्गात बसल्यावर त्याच्यापुढे मज्जापेशी, परिवर्त्ये, मध्य, प्रमाण विचलन अशा गोष्टी येतात आणि आपण चुकून विज्ञान शाखेत तर आलो नाही ना, अशी शंका त्याला येऊ लागते. पुढे पदवी हाती पडते तेव्हा दुसरा गोंधळ उभा राहतो. नातलग व शेजारी त्याला मनाचा जाणकार मानू लागतात; कायदा मात्र तसे मानीत नाही. या दोन्ही गोंधळांचे मूळ एकच आहे. हा विषय काय आहे आणि त्याची पदवी काय देते, याचा उलगडा आरंभी केला जात नाही. तो करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

विषय कला शाखेत का आला?

मानसशास्त्र कला शाखेत असण्याचे कारण ऐतिहासिक आहे. एकोणिसाव्या शतकापर्यंत मनाचा विचार हे तत्त्वज्ञानाचेच एक अंग होते. विल्हेल्म वुंट याने १८७९ साली लाइपझिग येथे प्रयोगशाळा स्थापन केली, तेव्हापासून हे शास्त्र स्वतंत्र झाले, असे सामान्यतः मानले जाते. तथापि वुंट स्वतः तत्त्वज्ञानाचाच प्राध्यापक होता. नव्या शास्त्राने पद्धती शरीरक्रियाशास्त्राकडून घेतली, प्रश्न मात्र बरेचसे तत्त्वज्ञानाकडून आले. या दुहेरी वंशाची खूण आजही अभ्यासक्रमात दिसते.

भारतात कलकत्ता विद्यापीठाने १९१६ साली प्रायोगिक मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू केला. त्याची धुरा नरेंद्रनाथ सेनगुप्त यांच्याकडे होती. म्हैसूर येथे १९२४ मध्ये गोपालस्वामी यांच्या नेतृत्वाखाली असाच विभाग निघाला. महाराष्ट्रात पुणे विद्यापीठात प्रा. कोठूरकर यांनी १९५० साली प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग उभारला. विभागाच्या नावातच ‘प्रायोगिक’ हे विशेषण असणे अर्थपूर्ण होते. तत्त्वज्ञानापासून वेगळे होताना या विषयाला आपली ओळख प्रयोगाच्या बळावर सांगावी लागली.

कोल्हापुरात उच्च शिक्षणाची परंपरा राजाराम महाविद्यालयापासून, म्हणजे १८८० पासून आहे. हे महाविद्यालय प्रथम मुंबई, नंतर पुणे आणि १९६२ साली शिवाजी विद्यापीठ स्थापन झाल्यावर या विद्यापीठाशी संलग्न झाले. कादंबरीकार ना. सी. फडके यांनी याच महाविद्यालयात दीर्घ काळ तत्त्वज्ञानाचे अध्यापन केले. त्या काळी तर्कशास्त्र, नीतिशास्त्र आणि मानसशास्त्र ही सामान्यतः एकाच घरातील भावंडे होती. पुढे मानसशास्त्राने वेगळी चूल मांडली, परंतु घर तेच, म्हणजे कला शाखेचे, राहिले. म्हणून आज बारावीपर्यंत गणिताशी फारकत घेतलेला विद्यार्थी या विषयाकडे वळतो आणि तेथे त्याला गणिताची पुन्हा गाठ पडते.

प्रयोगाचे प्रयोजन

पदवीच्या वरच्या वर्गात प्रात्यक्षिके असतात. आरशातील प्रतिमा पाहून ताऱ्याची आकृती गिरवणे, म्युलर-लायर दृष्टिभ्रमात रेषेची लांबी जुळवणे, निरर्थक शब्दांश पाठ करणे, हे प्रयोग पाहून परक्या माणसाला हसू येईल. यातून मनाचे कोणते गूढ उकलणार, असे विद्यार्थ्यालाही वाटते. वस्तुतः गूढ उकलणे हा या प्रयोगांचा हेतूच नाही. ‘मला असे वाटते’ या विधानापासून ‘असे आढळले’ या विधानापर्यंत जाण्याची वाट विद्यार्थ्याने एकदा तरी स्वतः चालावी, हा तो हेतू होय.

हेर्मान एबिंगहाउस याने स्मृतीवरील आपला ग्रंथ १८८५ साली प्रसिद्ध केला. प्रयोगकर्ता तोच आणि प्रयुक्त, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करावयाचा ती व्यक्तीही, तोच होता. पूर्वी पाठ केलेली यादी पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात, हे त्याने मोजले. सुमारे एका तासानंतर ही बचत ४४ टक्के, एका दिवसानंतर ३४ टक्के आणि एकतीस दिवसांनंतर २१ टक्के भरली. विस्मरण आरंभी वेगाने होते आणि पुढे मंदावते, ही गोष्ट त्यातून प्रथमच आकड्यांत दिसली. परीक्षेच्या आदल्या रात्री पाठांतर करणाऱ्या विद्यार्थ्याला या शोधाचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागत नाही.

हाच प्रयोग मराठीत करावयाचा झाल्यास एक अडचण येते आणि ती अडचणच मोठी बोधप्रद आहे. एबिंगहाउसचे शब्दांश व्यंजन, स्वर व व्यंजन असे बनलेले होते. मराठीत शब्दाच्या अंती असलेला अकार उच्चारात लोपतो. त्यामुळे दोन अक्षरे लिहिली की असा शब्दांश सहज तयार होतो. परंतु ‘घर’, ‘मन’, ‘रस’, ‘फळ’, ‘कट’ हे सगळे अर्थपूर्ण शब्द आहेत. ‘झठ’ किंवा ‘ढच’ यांसारखी निरर्थक जोडी शोधावी लागते. शिवाय निरर्थकता ही सर्वांना सारखी नसते. ‘सड’ हे अक्षरद्वय ऐकून शहरातील मुलाला सडण्याची अंधुक आठवण होईल. शेतकऱ्याच्या मुलाला मात्र कापलेल्या पिकाचे पायाला टोचणारे खुंट डोळ्यांपुढे दिसतील. असा शब्दांश यादीत राहिला तर प्रयोग स्मृतीचा न राहता अनुभवाचा होतो. इंग्रजी पुस्तकातील यादी नुसती देवनागरीत उतरवून घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या हे कधीच लक्षात येणार नाही. यादी स्वतः तयार करणाऱ्याला मात्र परिवर्त्यांचे नियंत्रण म्हणजे काय, हे व्याख्या पाठ न करताही कळेल.

आकडेशास्त्राचीही गोष्ट अशीच आहे. एका गटातील पाच विद्यार्थ्यांना ९, १०, १०, १०, ११ असे गुण मिळाले आणि दुसऱ्या गटातील पाच जणांना २, ५, १०, १५, १८ असे मिळाले, तर दोन्ही गटांचा मध्य १० च येतो. पहिल्या गटाला एकच शिकवणी पुरेल. दुसऱ्यात कोणाला हात द्यावा लागेल, तर कोणाला पुढे जाऊ द्यावे लागेल. हा भेद मध्य सांगत नाही, प्रमाण विचलन सांगते. माणसामाणसांतील फरकाचा आदर करणाऱ्या शास्त्राला हे साधन टाळता येणार नाही.

भाषेचा प्रश्न

मराठीतून हा विषय शिकणाऱ्यापुढे परिभाषेची एक विशेष अडचण असते. अपरिचित शब्द तो शिकून घेतो. त्याला फसवतात ते परिचित शब्द. ‘अध्ययन’ म्हणजे पुस्तकी अभ्यास, असा नित्याचा अर्थ. मानसशास्त्रात मात्र सायकल चालवायला शिकणे आणि कुत्र्याला भिऊ लागणे, ही दोन्ही अध्ययनेच होत. ‘वेदन’ आणि ‘वेदना’ यांत एका कान्याचे अंतर आहे. पहिले म्हणजे इंद्रियांना होणारी प्राथमिक जाणीव, दुसरी म्हणजे पीडा. ‘ऋण प्रबलन’ हा शब्द ऐकताच विद्यार्थी शिक्षा असा अर्थ करतो. वास्तविक एखादी अप्रिय गोष्ट दूर झाल्यामुळे वर्तन बळावणे, असा त्याचा अर्थ आहे. गोळी घेतल्यावर डोके दुखायचे थांबते आणि म्हणून पुढच्या वेळी हात आपोआप गोळीकडे जातो. येथे कोणीही शिक्षा केलेली नाही.

भाषेचा प्रश्न मापनात अधिकच गंभीर होतो. बिने आणि सिमाँ यांनी १९०५ साली पॅरिसमध्ये बुद्धिमापनाची श्रेणी तयार केली. १९३० नंतरच्या दशकात व्ही. व्ही. कामत यांनी कन्नड व मराठी भाषक मुलांसाठी तिचे रूपांतर केले. त्यावरील त्यांचा ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. कोल्हापूरला लागून असलेल्या सीमाभागाच्या दृष्टीने हे काम जवळचे आहे. एका समाजात तयार झालेली कसोटी दुसऱ्या समाजात वापरावयाची तर तिचे भाषांतर पुरत नाही. त्या समाजातील मुलांवर तिचे पुन्हा प्रमाणीकरण करावे लागते, हे या कामातून सिद्ध होते. शब्दांवर विसंबून न राहणाऱ्या कृतिकसोट्यांचा जो संच भाटिया यांनी १९५५ साली प्रसिद्ध केला, त्यामागेही हीच जाणीव होती. प्रमाणके शिळी झालेली कसोटी एखाद्या मुलाला लावून त्याच्या माथी ‘मंदबुद्धी’ असा शिक्का मारणे हा केवळ तांत्रिक दोष नव्हे. त्या मुलावर तो अन्याय आहे.

पदवीने काय मिळते आणि काय मिळत नाही

आता दुसऱ्या अपेक्षेकडे, म्हणजे दुःखी माणसाच्या उपयोगी पडण्याच्या इच्छेकडे वळता येईल. ही इच्छा आदरणीय आहे, परंतु केवळ पदवीने उपचाराचा अधिकार मिळत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची व्याख्या केली आहे. तीनुसार सामान्यतः मानसशास्त्रातील पदव्युत्तर पदवी आणि तिच्यापुढे देखरेखीखालील दोन वर्षांचे पूर्णवेळ प्रशिक्षण आवश्यक ठरते. औषधे देणारा मनोविकारतज्ज्ञ हा तर वैद्यकशास्त्राचा पदवीधर असतो. त्याची वाट अगदी स्वतंत्र आहे. आरोग्यसेवेतील सहयोगी व्यवसायांसाठी २०२१ साली झालेल्या कायद्याने मानसशास्त्रज्ञांच्या व्यवसायालाही नियमनाच्या कक्षेत आणले. त्याच अनुषंगाने विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ साली दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने मानसशास्त्राचे अभ्यासक्रम चालविण्यास मनाई केली. प्रात्यक्षिक आणि देखरेख यांवाचून हे शिक्षण अपुरे आहे, हेच यावरून सूचित होते.

मग तीन वा चार वर्षांच्या पदवीचे मोल काय? कोल्हापूर परिसराने त्याचे उत्तर स्वतःच्या अनुभवात शोधावे असे आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पंचगंगा व कृष्णा यांच्या पुराने या जिल्ह्यातील गावे पाण्याखाली गेली. घर, जनावरे, उभे पीक डोळ्यांदेखत गेलेल्या माणसाजवळ बसणाऱ्या पदवीधराने काय करावे? रोगाचे निदान करणे हे त्याचे काम नव्हे. घडलेली हकीकत खोदून खोदून विचारणेही योग्य नव्हे, कारण तसे केल्याने दुःख हलके होते असा पुरावा नाही. काही वेळा अपायच होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली मानसिक प्रथमोपचाराची जी मार्गदर्शिका काढली, तिचे सार तीन क्रियांत आहे : पाहणे, ऐकणे आणि जोडून देणे. कोणाला तातडीची गरज आहे हे पाहावे, जो बोलेल त्याचे शांतपणे ऐकावे आणि त्याला त्याच्या माणसांशी, अन्नपाण्याशी व जरूर तेथे तज्ज्ञाशी जोडून द्यावे. २०२२ साली सुरू झालेल्या टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक माहीत असणे, हाही या जोडून देण्याचाच भाग होय.

हे तिन्ही गुण पदवीच्या अभ्यासातूनच येतात. निरीक्षण आणि अनुमान यांत गल्लत न करण्याची सवय प्रयोगाच्या वहीत लागते. प्रयुक्ताच्या तोंडी आपले शब्द न घालण्याची शिस्त मुलाखतीच्या प्रात्यक्षिकात लागते. आपल्या ज्ञानाची सीमा कोठे संपते, हे आकडेशास्त्र शिकवते. मात्र त्यासाठी प्रयोग खरोखर करावे लागतात. गेल्या वर्षीच्या वहीतून आकडे उतरवून घेणाऱ्या विद्यार्थ्याला गुण मिळतील. पण पुराच्या छावणीत एखादी आजी समोर येऊन बसेल तेव्हा तिचे म्हणणे ऐकण्याऐवजी पाठ केलेली लक्षणेच त्याला तिच्यात दिसू लागतील.

तात्पर्य, मने ओळखण्याची विद्या शिकण्यास आलेल्या विद्यार्थ्याला हा विषय प्रथम आपण माणसे किती सहज चुकीची ओळखतो, हे दाखवून देतो. कला शाखेतील मानसशास्त्राचे हेच पहिले फळ आहे. पुढे उपचाराच्या, संशोधनाच्या वा अध्यापनाच्या मार्गाने जाणाऱ्यास ते पाया म्हणून उपयोगी पडते. आणि जो शेती, शाळा वा कचेरी यांकडे परत जातो, त्यालाही ते आयुष्यभर पुरते. अध्यापकांनी एवढे मात्र पाहावे की, विद्यार्थी जी यादी पाठ करून घेणार आहे, ती त्याने स्वतः तयार केलेली असावी.