आपल्या तालुक्याचे अंबरसिंग

लोणखेड्यात 14 एप्रिलच्या तयारीची बैठक चालू होती. मुलांच्या भाषणांसाठी नावे काढली. फुले, शाहू, बाबासाहेब आणि अमेरिकेच्या रोझा पार्क्स. 1955 साली माँटगोमेरी शहरात बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडायला त्यांनी नकार दिला आणि तिथल्या काळ्या समाजाने 381 दिवस बसवर बहिष्कार टाकला.

तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, "काका, आपल्या शहादा तालुक्यातलं कोणीच नाही का?"

आम्ही ओशाळलो. नाव होते. आम्हीच ते मुलांना सांगितले नव्हते.

ते नाव अंबरसिंग सुरतवंती. पाडळद्याचे हे भिल्ल कार्यकर्ते. लोक त्यांना अंबरसिंग महाराज म्हणत. त्या काळी भिल्लांच्या कितीतरी जमिनी कर्जापायी दुसऱ्यांच्या ताब्यात गेल्या होत्या. कागदावर काय लिहिले हे न कळता अंगठा उमटे आणि शेताचा धनी सालदार होऊन राबे. 1971 च्या मे महिन्यात पाटीलवाडीला आदिवासींवर गोळीबार झाला. त्या दुःखातून लोक एकत्र आले. 30 जानेवारी 1972 रोजी शहाद्यात भूमुक्तीचा मेळावा भरला आणि त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. बाहेरून शिकलेले तरुण मदतीला आले, पण घरोघरी विश्वास होता तो अंबरसिंगांवर. जमीन परत द्या, सालदाराला रास्त मजुरी द्या, अशी मागणी होती. मायबहिणींनी तर दारूविरुद्ध आणि घरातल्या मारहाणीविरुद्धही कंबर कसली.

अंबरसिंग 1974 साली ऐन उमेदीत गेले. आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा महाराष्ट्राचा कायदाही 1974 चाच. तो कोणी दयेपोटी दिला नाही, त्यामागे अशा लढ्यांचा रेटा होता.

आम्ही कारकून माणूस. दप्तराचा एक नियम आम्हाला पाठ आहे, नोंद नाही ते घडलेच नाही असे धरतात. त्या काळचे सालदार आता थकले आहेत. बंधू-भगिनींनो, वस्ती आपली असो की भिल्लांची, त्यांच्याजवळ मुलांना बसवा. वही-पेन द्या. ते सांगतील ते उतरवून घ्या.

त्या मुलीचे भाषण ठरले आहे. विषय तिनेच निवडला.